जुनी डिस्क उघडायची कशी: आधी साल विचारा, मग केबल लावा

"ताई, यात काहीच नाही. मशीन नुसतं फॉरमॅट मागतंय." जुनी हार्ड डिस्क पिशवीतून काढून काउंटरवर ठेवणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. माझा प्रश्नही ठरलेला: "कुठल्या साली, कुठल्या मशीनमध्ये होती?" लोकांना वाटतं मी गप्पा मारायला विचारते. पण पुढचं निम्मं काम त्या उत्तरावर चालतं. प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीम (विंडोज, मॅक ओएस, लिनक्स) आपापल्या काळात डिस्कवर आपल्या पद्धतीची फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठे ठेवली याचा हिशेब ठेवायची मांडणी, टाकते, आणि इन्स्टॉल करणारे बहुतेक लोक समोर येईल त्याला 'नेक्स्ट' म्हणून मोकळे होतात. त्यामुळे साल आणि सिस्टीम कळली की आत काय असणार याचा अंदाज केबल लावण्याआधीच बांधता येतो. राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात रोज हेच चालतं. घरच्या कपाटात, प्रेसमध्ये किंवा शाळेत पडलेली डिस्क स्वतःच उघडून बघायची असेल त्यांच्यासाठी ही कृती लिहितेय.

आधी त्या फॉरमॅटच्या खिडकीचं बघू. विंडोज अशा वेळी दोनपैकी एक खिडकी दाखवतं. 'फॉरमॅट करा' याचा अर्थ पार्टिशन (डिस्कवर आखलेला भाग) सापडलं, पण त्यातली फाइल सिस्टीम मला कळत नाही. 'इनिशियलाइज करा' याचा अर्थ पार्टिशनची यादीच मला वाचता येत नाही. दोन्हीतून डिस्क रिकामी आहे असं सिद्ध होत नाही. २००६ च्या आधीच्या पॉवरपीसी मॅकमधली अगदी धडधाकट डिस्क विंडोजला लावली तरी ती 'इनिशियलाइज' म्हणूनच बोंबलणार, कारण त्यावर ॲपलचा स्वतःचा पार्टिशन मॅप असतो आणि विंडोजला तो कळत नाही. दोन्ही वेळी कॅन्सल दाबा, डिस्क काढा. घाईघाईत केलेल्या क्विक फॉरमॅटने डेटा बराचसा जागेवर राहतो, पण कुठली फाइल कुठे आहे हा हिशेब जातो. मग हजारो फोटो नाव-गाव नसलेले बाहेर येतात आणि लग्न कुठलं, बारसं कुठलं हे शोधत घरचे बसतात.

साल कसं काढायचं

डिस्कच्या लेबलवर बहुधा बनवल्याची तारीख असते. ती खालची मर्यादा समजा. २००३ ची डिस्क २००९ मध्ये पुन्हा फॉरमॅट झालेली असू शकते, पण १९९८ मध्ये वापरलेली असूच शकत नाही. मागे ४० पिनांची रुंद जोडणी असेल तर ती आयडीई. अरुंद, एल आकाराची असेल तर साटा, म्हणजे २००३ नंतरची. कॅबिनेट अजून असेल तर त्यावर चिकटवलेला विंडोजच्या लायसन्सचा कागद बघा. मॅकच्या बाबतीत मॉडेल कळलं की पुरे. मालकाला काहीच आठवत नसेल तर मी विचारते, "तेव्हा लेटरहेड कशात करायचात?" पेजमेकर म्हणाले की एक काळ, वर्ड २००७ म्हणाले की दुसरा.

विंडोजची वंशावळ

फ्लॉपी असेल तर फॅट-१२ ही फाइल सिस्टीम, विचारायचंच नाही. साडेतीन इंची १.४४ एमबीची फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हमधून विंडोज ११ आजही वाचतं, फ्लॉपीला बुरशी लागली नसेल तर. फॅटची मूळ मांडणी १९७७ ची, मायक्रोसॉफ्टच्या बेसिकसाठी मार्क मॅकडोनल्ड यांनी लिहिलेली. तिचीच वारस आज तुमच्या पेनड्राइव्हवर आहे.

हार्ड डिस्कसाठी १९८४ मध्ये डॉस ३.० सोबत फॅट-१६ आली. सुरुवातीला पार्टिशनला ३२ एमबीची मर्यादा होती, नंतर ती २ जीबी झाली. १९९५ च्या विंडोज ९५ मध्येही हीच. म्हणून १९९७ च्या सुमाराच्या ४ जीबीच्या डिस्कवर सी आणि डी असे दोन भाग दिसतात. ती कुणाची शिस्त नव्हती, एका भागात तेवढी जागा मावतच नव्हती. शिवाय २ जीबीच्या भागात एक क्लस्टर (फाइलला देता येणारा सर्वात छोटा तुकडा) ३२ केबीचा, म्हणजे चार ओळींचं पत्रही ३२ केबी अडवून बसायचं. ऑगस्ट १९९६ च्या विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीत फॅट-३२ आली आणि विंडोज ९८ ने ती घरोघरी नेली. त्या वेळी डिस्कचे भाग पाडायला एफडिस्क चालवलं की मोठ्या डिस्कचा सपोर्ट हवा का असा प्रश्न यायचा. त्याला 'वाय' म्हटलं असेल तर फॅट-३२, 'एन' म्हटलं असेल तर फॅट-१६.

एनटीएफएस यापेक्षा जुनी वाटत नाही, पण ती १९९३ ची, विंडोज एनटी ३.१ सोबतची. ती ऑफिसांत आणि सर्व्हरवर राहिली. घरच्या मशीनवर आली २००१ च्या एक्सपीपासून. आणि इथेच साल फसवतं. एक्सपी फॅट-३२ वरही इन्स्टॉल व्हायचं, आणि आमच्याकडचे कितीतरी मशीन जोडणारे मुद्दाम तसंच ठेवायचे, कारण विंडोज ९८ च्या बूट फ्लॉपीतून सी ड्राइव्ह उघडता यायची. म्हणून एक्सपीची डिस्क म्हटलं की मी दोन्ही शक्यता धरते. व्हिस्टापासून हा घोळ संपला. सिस्टीमची ड्राइव्ह एनटीएफएसच लागते. चांगली गोष्ट अशी की एक्सपीपासून विंडोज ११ पर्यंत एनटीएफएसची आवृत्ती ३.१ च राहिली आहे. त्यामुळे एक्सपीची धड डिस्क आजच्या मशीनला लावली की सरळ उघडते.

उघडते, पण 'माय डॉक्युमेंट्स'वर क्लिक केलं की परवानगी नाही म्हणते. जुन्या विंडोजमधला तुमचा युजर आणि आजचा युजर, नाव एकच असलं तरी, सिस्टीमच्या लेखी वेगळे. विंडोज 'कंटिन्यू' दाबायला सांगतं आणि दाबलं की डिस्कवरच्या परवानग्या बदलत सुटतं. मी ते करत नाही. लिनक्समधून उघडलं तर या परवानग्या आड येत नाहीत. एक अपवाद लक्षात ठेवा: एक्सप्लोररमध्ये फाइलचं नाव हिरवं दिसत असेल तर ती विंडोजनेच कुलूपबंद केलेली आहे. त्या जुन्या युजरचं सर्टिफिकेट जपून ठेवलेलं नसेल तर फाइल कॉपी करता आली तरी वाचता येणार नाही.

मॅकची डिस्क

पहिल्या मॅकिंतॉशवर, १९८४ मध्ये, एमएफएस होती. १९८५ मध्ये एचएफएस आली, जानेवारी १९९८ मध्ये मॅक ओएस ८.१ सोबत एचएफएस प्लस, आणि ती तब्बल दोन दशकं टिकली. २०१७ मध्ये आधी आयफोनवर आणि मग मॅक ओएसच्या हाय सिएरा आवृत्तीसोबत मॅकवर एपीएफएस आली; हाय सिएराने ती फक्त एसएसडीवर लावली, फिरत्या डिस्कवर ती पुढच्या वर्षी मोहावेने आणली. म्हणजे २०१७ च्या आयमॅकमधून काढलेली साधी हार्ड डिस्क असेल तर पुन्हा दोन शक्यता.

जुनी एचएफएस, म्हणजे प्लस नसलेली, आजचा मॅक उघडत नाही. २००९ च्या स्नो लेपर्डने तिच्यावर लिहिणं बंद केलं आणि २०१९ च्या कॅटालिनाने वाचणंही. तिच्यासाठी जुना मॅक शोधा किंवा लिनक्स वापरा. ८०० केबीची मॅक फ्लॉपी तर साध्या पीसीच्या ड्राइव्हमध्ये वाचली जाणारच नाही, कारण तिच्यावर लिहिताना डिस्क फिरण्याचा वेग बदलत असे. १.४४ एमबीची असेल तर आशा आहे.

छापखान्यांच्या डिस्कवर एक गोष्ट हमखास बिघडते, म्हणून जरा सविस्तर सांगते. जुन्या मॅकवरच्या फाइलला दोन भाग असायचे: डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. पोस्टस्क्रिप्ट फाँटची सगळी अक्षरं रिसोर्स फोर्कमध्ये असायची आणि डेटा फोर्क रिकामा. असा फाँट सरळ पेनड्राइव्हवर टाकून विंडोजमध्ये नेला की ती फाइल शून्य केबीची दिसते. काका लोक म्हणतात, फाँट करप्ट झाला. फाँट ठीक असतो, अर्धा मागे राहिलेला असतो. नवीन मॅक अशा वेळी पेनड्राइव्हवर टिंब आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी एक जोडफाइल करून ठेवतो, त्यात हा दुसरा भाग असतो. 'कचरा फाइल' म्हणून लोक नेमकी तीच उडवतात. मॅकच्या डिस्कवरून काढलेल्या फोल्डरमधल्या टिंब-अंडरस्कोअरच्या फाइल काम पूर्ण होईपर्यंत अजिबात काढू नका. आणि फाँटचं फोल्डर हलवायचं असेल तर मॅकवरच डिस्क इमेज (सगळं एका फाइलमध्ये बांधलेली नक्कल) करून ती अख्खी इमेज हलवा.

लिनक्स

इथे वंशावळीला फाटे फार. रेड हॅट, उबुंटू, सुसे, फेडोरा ही सगळी लिनक्सचीच घराणी. १९९१ चं अगदी पहिलं लिनक्स मिनिक्सची फाइल सिस्टीम वापरायचं. ६४ एमबीची मर्यादा आणि नाव १४ अक्षरांचं. एप्रिल १९९२ मध्ये रेमी कार यांची ईएक्सटी आली, १९९३ मध्ये ईएक्सटी-२. या दोन-तीन वर्षांतली डिस्क तुमच्याकडे यायची शक्यता नाही, पण ईएक्सटी-२ पासून पुढची येईल.

रेड हॅट ७.२ पासून, म्हणजे २००१ च्या अखेरीपासून, ईएक्सटी-३. उबुंटू ९.१० पासून, म्हणजे ऑक्टोबर २००९ पासून, ईएक्सटी-४. तीन आणि दोनमधला मुख्य फरक जर्नलचा. जर्नल म्हणजे दुकानदाराची कच्ची वही: काय बदल करायचाय ते आधी तिथे लिहायचं, मग पक्क्या हिशेबात चढवायचं, मध्येच वीज गेली तर कच्ची वही बघून हिशेब पुरा करायचा. ही वही पुढे आपल्याला आडवी येणार आहे, ते इमेजच्या भागात.

सुसेवाले २००६ पर्यंत रायझरएफएस टाकायचे. तशी डिस्क आली तर नवीन लाइव्ह यूएसबी (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स) उपयोगाची नाही, कारण लिनक्सच्या गाभ्यातून, म्हणजे कर्नलमधून, ६.१३ या आवृत्तीत रायझरएफएस काढून टाकली आहे. पाच-सात वर्षांपूर्वीची एक उबुंटूची आयएसओ (पेनड्राइव्हवर टाकायची फाइल) त्यासाठी राखून ठेवा. रेड हॅट एंटरप्राइझ ७ पासून, २०१४ पासून, एक्सएफएस. ही मुळात सिलिकॉन ग्राफिक्सच्या आयरिक्सवरची, १९९० च्या दशकातली. ओपनसुसे १३.२ ने २०१४ मध्ये आणि फेडोरा ३३ ने २०२० मध्ये बीटीआरएफएस घेतली. रेड हॅट घराण्याच्या डिस्कवर बहुतेक वेळा थेट फाइल सिस्टीम न दिसता 'एलव्हीएम' दिसतं. तो एक मधला थर आहे, तो आधी चालू करावा लागतो, मग आतलं दिसतं.

बाकीच्यांत ओएस/२ ची एचपीएफएस, फ्रीबीएसडीची यूएफएस, सोलारिसची झेडएफएस. ज्यांच्याकडे अशी डिस्क असते त्यांना हा लेख लागत नाही. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली डिस्क मात्र लोक सर्रास आणतात, आणि तिथे साल-सिस्टीमचं गणित चालत नाही. पुष्कळ डीव्हीआर स्वतःचीच मांडणी वापरतात. ती त्याच कंपनीच्या डीव्हीआरमध्ये लावून बघणं हाच पहिला उपाय.

जोडायची कशी

यूएसबी ते साटा-आयडीई ॲडॉप्टर वेगळ्या पॉवर अडॉप्टरसकट मिळतो, तोच घ्या. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. आयडीई डिस्कचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) 'मास्टर'वर ठेवा. डिस्क ठराविक तालात कट-कट करत असेल तर तिथेच थांबा. पुढचं काम रिकव्हरी लॅबचं आहे, आणि प्रत्येक वेळी पुन्हा लावून बघण्याने त्यांचं काम अवघड होतं. एक्स्टर्नल डिस्कचं कवच तुटलंय म्हणून आतली डिस्क काढून लावणाऱ्यांसाठी: काही कवचांतलं सर्किट सेक्टरचा आकार बदलून दाखवतं, काही तर डेटा कुलूपबंदही करतं. डिस्क थेट लावल्यावर रिकामी दिसली तर ते सर्किट फेकून देऊ नका.

मी सगळं काम लिनक्सच्या लाइव्ह यूएसबीवरून करते. मशीनमधल्या विंडोजला हात लागत नाही आणि वर सांगितलेल्या बहुतेक फाइल सिस्टीम त्यात वाचता येतात. डिस्क लावली की फाइल मॅनेजरमध्ये तिच्यावर क्लिक करायचं नाही. क्लिक केलं की ती माउंट होते, म्हणजे सिस्टीम तिला उघडून वापरायला घेते. त्याऐवजी 'डिस्क्स' नावाचं ॲप उघडा. डावीकडे डिस्क निवडली की खाली प्रत्येक पार्टिशनचा आकार आणि 'कंटेंट्स'समोर फाइल सिस्टीमचं नाव येतं. तुमचा सालावरून केलेला अंदाज आणि हे नाव जुळलं तर उत्तम.

नाही जुळलं, किंवा 'अननोन' आलं, तर हेक्स एडिटरमधून (डिस्कवरचे कच्चे बाइट दाखवणारं ॲप) आत डोकवा. फाइल सिस्टीमची सही ठरलेल्या जागी असते, आणि ती वाचायला प्रोग्रामर असावं लागत नाही. पार्टिशनच्या सुरुवातीपासून, पहिल्या बाइटला शून्य धरून मोजायचं. तिसऱ्या बाइटपासून रोमन अक्षरांत एनटीएफएस किंवा एक्सफॅट लिहिलेलं असतं. फॅट-१६ चं नाव ५४ व्या बाइटपासून, फॅट-३२ चं ८२ व्यापासून. अगदी सुरुवातीलाच एक्सएफएसबी अशी चार अक्षरं असतील तर एक्सएफएस. ३२ व्या बाइटपासून एनएक्सएसबी असेल तर एपीएफएस. १०२४ व्या बाइटला एच आणि अधिकचं चिन्ह असेल तर एचएफएस प्लस. बी आणि डी असेल तर जुनी एचएफएस. ईएक्सटी घराणं नाव लिहीत नाही. १०८० आणि १०८१ या बाइटना हेक्समध्ये ५३ आणि ईएफ दिसलं की तेच. पार्टिशनच्या यादीतल्या प्रकाराच्या आकड्यावर मात्र एकट्यावर विसंबू नका: ०७ हा आकडा एनटीएफएस, एक्सफॅट आणि ओएस/२ ची एचपीएफएस, तिघींचाही आहे.

इमेज आधी, फाइल नंतर

मूळ डिस्कवरून फाइल वेचत बसायचं नाही. आधी अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एका फाइलमध्ये बाइट-न्-बाइट नक्कल, काढायची आणि मग डिस्क बाजूला ठेवून इमेजवर काम करायचं. त्यासाठी डीडीरेस्क्यू हे लिनक्समधलं साधन वापरा. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: कुठली डिस्क, इमेज कुठे ठेवायची आणि मॅप फाइल कुठे. मॅप फाइल द्यायला आळस करू नका. कुठला भाग वाचून झाला, कुठला वाचता आला नाही याची नोंद तिच्यात राहते, त्यामुळे मध्ये वीज गेली किंवा डिस्क तापली म्हणून थांबवलं तरी पुन्हा तिथूनच सुरू होतं. पहिल्या फेरीत ते खराब भाग सोडून पुढे पळतं आणि चांगलं तेवढं आधी उचलतं. मरायला टेकलेल्या डिस्कसाठी हाच क्रम बरोबर. इमेज ठेवायची डिस्क ईएक्सटी-४ किंवा एनटीएफएस हवी. फॅट-३२ वर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे, इमेज तिथे मावणार नाही. आणि कमांड देताना कुठून-कुठे हा क्रम दोनदा वाचा.

इमेज तयार झाली की तिच्यावर उजवं क्लिक करून 'डिस्क इमेज माउंटर'ने उघडा. ते मुळातच फक्त वाचण्यापुरतं उघडतं. इथे ईएक्सटी-३ किंवा ४ असेल आणि मशीन नीट बंद न होता डिस्क काढलेली असेल तर एरर येते. ही ती कच्ची वही. फाइल सिस्टीमला अर्धवट नोंदी पुऱ्या करायच्या आहेत आणि आपण लिहू देत नाही. टर्मिनलमधून 'नोलोड' हा पर्याय देऊन माउंट केलं की ती वहीकडे दुर्लक्ष करून उघडते. पुष्कळांना वाटतं की 'रीड ओन्ली' म्हटलं म्हणजे डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. ईएक्सटी-३ आणि ४ च्या बाबतीत ते खरं नाही: मूळ डिस्क नुसती 'रीड ओन्ली' माउंट केली तरी जर्नल चढवलं जातं. इमेज आधी काढायचं खरं कारण हे.

विंडोज ८ आणि नंतरच्या डिस्कचाही असाच एक हट्ट असतो. शटडाउन केलं तरी ते विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं, अर्धं झोपलेलं असतं, त्यामुळे लिनक्स त्यावर लिहायला नकार देतं. आपल्याला लिहायचंच नसतं, त्यामुळे ती सूचना वाचून पुढे जा.

लिनक्स अजिबातच जमणार नसेल तर विंडोजवर सेव्हन-झिप टाका. लोक त्याला झिप सोडवायचं साधन समजतात, पण ते डिस्कची इमेजही उघडतं आणि आतल्या ईएक्सटी, एचएफएस, एपीएफएस वाचून फाइल बाहेर काढून देतं. माझ्या मते घरगुती कामाला यासारखं दुसरं काही नाही.

फाइल दिसू लागल्या की तारखांकडे एक नजर टाका. १ जानेवारी १९८० दिसली तर डॉस-विंडोजच्या मशीनची बोर्डवरची बॅटरी संपली होती, कारण फॅटचं कॅलेंडर १९८० पासूनच सुरू होतं. जुन्या मॅकचं १९०४ पासून, लिनक्सचं १९७० पासून. आणि एनटीएफएसवरच्या वेळा लाइव्ह यूएसबीवर साडेपाच तास मागे दिसल्या तर घाबरू नका. एनटीएफएस वेळ ग्रीनिचची ठेवते आणि लाइव्ह सेशनला आपण भारतात आहोत हे माहीत नसतं.

मराठी नावांच्या फाइल

नवीन डिस्कवर कॉपी करताना मराठी नावं दोन ठिकाणी अडतात. इंग्रजीतल्या मार्गदर्शनात हे सहसा सापडत नाही. एनटीएफएसवर नावाला २५५ कोड चालतात, देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एक कोड. ईएक्सटी-४, एक्सएफएस, बीटीआरएफएस या मात्र २५५ बाइट मोजतात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या युनिकोडच्या मांडणीत तीन बाइट खातं. म्हणजे हातात उरली ८५ चिन्हं. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याचं चिन्ह, सगळी वेगळी मोजली जातात. 'दुसऱ्या' हा शब्द दिसायला तीन अक्षरांचा. कॉम्प्युटरच्या लेखी द, उकार, स, ऱ, हलन्त, य, काना अशी सात चिन्हं, २१ बाइट. बातमीचा अख्खा मथळा नावात घेऊन सेव्ह केलेली वेब पानं आणि ठरावांच्या पीडीएफ फाइल इथेच गळतात. नाव फार मोठं आहे असा संदेश येतो, आणि तो बघायला कुणी समोर नसेल तर फाइल मागे राहिल्याचं कळतही नाही. कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फाइलची संख्या ताडून बघा.

दुसरी अडचण त्या ऱ चीच. एचएफएस प्लस नावं साठवताना जोडलेली चिन्हं सुटी करते, त्यामुळे ऱ चा र अधिक नुक्ता (खालचं टिंब) होतो. मॅकवरून झिप करून किंवा नेटवर्कने लिनक्सवर पाठवलं की 'दुसऱ्या दिवसाचे फोटो' नावाची दोन फोल्डर शेजारी-शेजारी दिसू शकतात. डोळ्यांना तंतोतंत सारखी, आतले बाइट वेगळे. एक उडवण्याआधी दोन्ही उघडून बघा; बहुधा अर्धे फोटो एकात, अर्धे दुसऱ्यात असतात. एपीएफएस नाव जसं दिलं तसं ठेवते, त्यामुळे नव्या मॅकवर हा प्रकार कमी झालाय.

जुन्या डीटीपीच्या फाइल उघडल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर तो दोष डिस्कचा नाही. तो मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमधला आहे. तोच फाँट लागेल किंवा कन्व्हर्टर.

काढलेलं ठेवायचं कुठे

फक्त विंडोजवर वापरायचं असेल तर एनटीएफएस. फक्त लिनक्सवर असेल तर ईएक्सटी-४, फार प्रयोग नकोत. मॅकवर एसएसडी असेल तर एपीएफएस. फिरती हार्ड डिस्क असेल तर मी अजूनही एचएफएस प्लस टाकते, कारण फिरत्या डिस्कवर एपीएफएस कंटाळा येईल इतकी हळू चालते.

इकडून तिकडे न्यायची असेल तर एक्सफॅट. २००६ ची ही फाइल सिस्टीम ३२ जीबीपेक्षा मोठ्या मेमरी कार्डवर मुळातच असते. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये तिची माहिती खुली केली, आणि २०२० पासून लिनक्समध्ये ती नीट चालते. ४ जीबीची अडचण नाही, त्यामुळे लग्नाचा सलग व्हिडिओ एका फाइलमध्ये राहतो. पण हिला जर्नल नाही. कॉपी चालू असताना ओढून काढली तर फोल्डरच्या फोल्डर जातात, म्हणून 'इजेक्ट' करायची सवय लावा. एकमेव प्रत कधीच एक्सफॅटवर ठेवू नका. टीव्ही किंवा गाडीचा स्टिरिओ जुना असेल तर तो फॅट-३२ च मागेल. गाण्यांसाठी तेवढी पुरते. मॅक एनटीएफएस वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, हेही डिस्क पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत पाठवण्याआधी लक्षात घ्या.

राहिला कुलपाचा प्रश्न. 'डिस्क्स'मध्ये कंटेंट्ससमोर बिटलॉकर आलं, किंवा मॅकने फाइलव्हॉल्टचा पासवर्ड मागितला, तर फाइल सिस्टीम कोणती हा विचारच नंतरचा. बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ आकड्यांची असते, आणि ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने मशीन चालू केलं होतं त्या अकाउंटमध्ये ती बहुधा जमा झालेली असते. विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलमध्ये हे कुलूप मालकाला न विचारताच लागतं, त्यामुळे "आम्ही कधी पासवर्ड लावलाच नाही" असं सांगणारे वाढलेत. त्यांना मी आधी तो ईमेल आयडी आठवायला सांगते. मुलाने किंवा दुकानदाराने सेटअप करून दिला असेल तर त्यांना फोन लावायला लावते. की मिळाली तर लिनक्समध्येही डिस्क उघडते आणि वरची सगळी कृती लागू होते. नाही मिळाली तर डिस्क परत देते. त्याचे पैसे घेत नाही.